टकमक्याचं बीळ

आपा, आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तुला हसून घेता येईल. परवा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मी कबरस्तानात आलो, तुझ्या उशाशी उकिडवा बसलो, दुआ मागितली आणि मग तुझ्याशी पोटभर बोललो. अम्मीचे गुडघे, गावच्या नव्या घराची गळती, सनाचं इंग्रजी, सगळं. शेवटी रडलोही. आणि ती कबर तुझी नव्हती.

ती कुणा वयस्क सौदी गृहस्थांची होती. हे मला कळलं ते त्यांचे दोन मुलगे येऊन माझ्या मागे उभे राहिले तेव्हा. मी बाहीनं नाक पुसत होतो. थोरल्यानं अरबीत काहीतरी विचारलं, त्यातला 'अबूया' एवढाच शब्द मला कळला. माझा बाप. इतकी वर्षं या देशात काढली, पण माझं अरबी इकाम्याचे म्हणजे राहण्याच्या परवान्याचे कागद, ट्रॅफिक पोलीस आणि कबाबाच्या दुकानापलीकडं गेलेलं नाही, हे तुला माहीतच आहे. माफ करा, गफलत झाली, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते 'तय्यिब'. चांगला माणूस. थोरल्यानं मला मिठी मारली. धाकट्यानं गाडीतून थर्मास आणला, चिमुकल्या पेल्यात काहवा दिला, निघताना खजुराचं पुडकं हातात कोंबलं. आता इथं थुवालमध्ये असं एक घर आहे, जिथं जेवताना सांगत असतील की आपल्या वडिलांचा एक हिंदी दोस्त होता, आपल्यापेक्षा जास्त रडला. आणि मी त्या भल्या माणसाला आपल्या घरातल्या सगळ्या भानगडी शुद्ध मराठीत ऐकवून आलोय.

बाहेर गाडीत तुझी भावजय, शमीम, बसली होती. इथं बायका आत जात नाहीत, म्हणून दफनाच्या दिवशीही ती तशीच काच अर्धी खाली करून फाटकासमोर बसली होती. मी खजूर तिच्या हातात दिले. कुणी दिले, तिनं विचारलं. होते एक जण, मी म्हणालो. तिनं एक खजूर तोंडात टाकला आणि पुढं काही विचारलं नाही.

तूच सांग, ओळखायचं कसं? मातीचा उंचवटा आणि उशाशी एक दगड, बस. नाव नाही, काही नाही. इथली रीतच ती. मेल्यावर सगळे सारखे, आणि एरवी हे मला पटतंही. पण त्या दिवशी नव्या कबरींची अख्खी ओळ होती, धूळ होती, माणसांचे खांदे होते, कुणी मला पुढं घेतलं, कुणी मागं सारलं. माती देताना मी मनाशी म्हणालो, लक्षात राहील. लक्षात राहील, असं मी म्हणालो. तू ऐकलं असतंस तर कबरीतून उठून बसली असतीस.

तू मला होकायंत्र म्हणायचीस. होकायंत्रभाई, कुठं निघालात? मदरशातून सुटल्यावर मी एकदा सरळ दुसऱ्यांच्याच घरात शिरलो होतो, ओट्यावर दप्तर टाकून पाटावर बसलो होतो. त्या घरच्या चाचीनं बिचारीनं काही न बोलता पुढ्यात भाकरी आणि बांगड्याची कढी ठेवली. तू मला शोधत आलीस. मला वाटलं, आता कान उपटणार. तू चप्पल काढलीस, माझ्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, चाची, मलाही वाढा. घरी जाताना मात्र वाटभर हसलीस.

परवा काहवा पिताना मी त्या दिवसासारखंच इकडंतिकडं पाहिलं. वाटलं, येशील.

तू कशी गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही. फोनवर सगळ्यांना सांगून सांगून ते माझं पाठ झालंय, आणि पाठ झालेलं खरं वाटत नाही. लिहायचं ते वेगळंच. हॉस्पिटलच्या कचेरीत एका तरुण माणसानं मला अदबीनं विचारलं, दफन इथं की हिंदुस्तान? इथं म्हटलं तर कागद वेगळे, तिकडं म्हटलं तर वेगळे. मी अम्मीला फोन लावला. मला वाटलं अम्मी म्हणेल, घेऊन ये. मी मनातून त्याचीच वाट बघत होतो, कारण मग मला काही ठरवायला लागलं नसतं. अम्मी म्हणाली, "तिला काय हवं ते तुलाच ठाऊक. तू तिच्याजवळ होतास."

मी जवळ होतो. रियाध ते थुवाल म्हणजे जवळ, असं अम्मीला वाटतं. रियाधमध्ये ओलायातल्या ऑफिसात माझ्या खुर्चीतून काय दिसतं तर दुसऱ्या ऑफिसातल्या खुर्च्या. वर्षातून चार-दोनदा यायचो तुझ्याकडं. तरी मी त्या पोराला म्हणालो, इथंच. अम्मीला सांगितलं. मग तिनं विचारलं, "तिथनं समुद्र दिसतो?" मी म्हणालो, जवळ आहे. मध्ये भिंत आणि रस्ता आहे, ते नाही सांगितलं.

आपा, तोच प्रश्न मी परवा त्या सौदी गृहस्थांना विचारून आलो. बरोबर केलं ना मी? तुला इथंच राहायचं होतं ना? ते काही बोलले नाहीत.

आम्ही तुझ्या क्वार्टरमध्ये उतरलो आहोत. विद्यापीठाच्या लोकांनी सामान आवरायला सवड दिली आहे, आणि माझ्या मॅनेजरचा रियाधहून रोज एक 'टेक युअर टाइम' येतो, ज्याचा अर्थ यल्ला, ये लवकर. पहिल्या दिवशी दार उघडलं तर एसी चालू. दाराशी तुझ्या त्या रबरी चपला, पट्ट्यांवर मीठ वाळलेलं. शमीमनं त्या उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. आतून बुडबुड आवाज येत होता, जणू कुणी चहाचं आधण ठेवून बाहेर गेलंय. मी 'आपा' अशी हाकही मारली. सवय. शमीमनं माझ्याकडं पाहिलं.

काचेच्या टाकीचा पंप होता तो. आणि टाकीत, तू ठेवलेल्या शंखाच्या तोंडातून, टकमक्या बघत होता.

टकमक्या हे नाव तुझंच. तू तेव्हा परकर नेसत होतीस आणि अब्बा आपल्याला ओहोटीला कातळावर घेऊन जायचे. डबक्यांच्या कपारीत या माशांची ही अंगठ्याएवढी डोकी. अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीत. डोळ्यांवर भुवयांसारखे झुबके. हात लावायला गेलं की पाण्याबाहेर उडी मारून, पुढच्या परांवर रेलत दुसऱ्या डबक्यात. आम्ही बाकीची पोरं कालवं फोडायचो. तू त्या बिळासमोर पालथी पडून राहायचीस, तो तुझ्याकडं टकमक, तू त्याच्याकडं टकमक. अम्मी म्हणायची, या पोरीला कुणीतरी झपाटलंय. पुढं विलायतेत जाऊन त्यावरच शिकलीस. तिथल्या गार किनाऱ्यावरचा टकमक्या, आपल्याकडच्याचा लांबचा भाऊबंद. पाणी ओसरलं की ओल्या शेवाळाखाली पडून राहतो, हवेवर तग धरतो, भरतीची वाट बघतो. तू तिकडून फोनवर सांगायचीस की तुझंही तसंच चाललंय. मला तेव्हा ती गंमत वाटायची.

या टाकीतल्याचे डोळे वेगवेगळे फिरतात. हे मला आधी माहीत नव्हतं, किंवा तू सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल. एक डोळा माझ्यावर, दुसरा दारावर. मी सोफ्यावर बसलो की एक माझ्यावर. मी उठून स्वयंपाकघरात गेलो तरी तो माझ्यामागं येतो. दुसरा मात्र दारावरून हलत नाही. शमीम म्हणाली, टाकीवर टॉवेल टाका. मी टाकला. मग टॉवेलाखाली तो दाराकडं बघत असणार, या विचारानं मी पुन्हा काढला.

आणि तुझा फोन. तो शमीमनं चार्जिंगला लावून ठेवला, कुणाचा फोन आला तर सांगता यावं म्हणून. दुपारी तो वाजला. आम्ही दोघं एकदम उठलो. कॉल नव्हता, गजर होता. पडद्यावर 'टकमक्याचं जेवण'. बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. फोनचं कुलूप आम्हाला उघडत नाही, त्यामुळं रोज दुपारी तू आम्हाला हाक मारतेस आणि शमीम मुकाट उठून चिमूटभर खाणं टाकते. तो शंखातून येतो, खातो, मागं सरकत आत जातो, आणि पुन्हा तोंड बाहेर.

तुमची दोघींची गंमतच होती. तिनं पाठवलेली तांदळाची भाकरी तू फ्रीजमध्ये दगड होईपर्यंत ठेवायचीस, आणि ती मला म्हणायची, तुमच्या बहिणीला माशाचं पोट कळतं, स्वतःचं कळत नाही. काल फ्रीज रिकामा करताना तिला मागं सोड्यांची पिशवी सापडली. तिनंच गेल्या खेपेला दिलेली, अर्धी संपलेली. ती ते अर्धे संपलेले सोडे बराच वेळ हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे रांधत होत्या."

काल सनाचा फोन. परीक्षा म्हणून ती रियाधला शमीमच्या मैत्रिणीकडं आहे. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, फिशचं काय? फुफी तो हमेशा वापस छोडती थी." मी म्हणालो, तुझ्या फुफीच्या ऑफिसातलं कुणीतरी नेईल. "नो अब्बा. त्याच्या होलपाशीच सोडायचं असतं. फुफीचा रूल होता." मला रूल माहीत होता. तो मासा तू पकडलास तेव्हा बादली मीच धरली होती.

गेल्या खेपेची ती दुपार. खडकाळ किनारा, तू गुडघाभर पाण्यात, मी कोरड्यावर, शमीम गाडीच्या सावलीत चटईवर चहा ओतत होती. मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू म्हणशील, बोलायचं होतं म्हण. पण मी गाडीत बसल्यापासून वाक्यं जुळवत आलो होतो. गावचं घर बांधून झालंय. वरची खोली तुझी, खिडकीतून खाडी दिसते. अम्मी रोज ती खोली झाडायला लावते. कधी येणार तू कायमची? नोकरी सोड आता, पुरे झाले मासे.

तू वाकलेलीच होतीस. म्हणालीस, "हा बघ. हा कुठं जन्मला हे याला ठाऊक नाही. अंड्यातून निघाला की वाहत जातो, कुठंतरी लागतो. तिथलं एक बीळ याला आवडतं. मग याला उचलून लांब नेऊन सोड, परत तिथंच येतो. घर म्हणजे जन्मलो ते नव्हे रे. परत येतो ते घर."

मला राग आला होता. अम्मीची गोष्ट चाललेली आणि ही मासे सांगतेय. मी म्हणालो, "मग तू दर मे महिन्यात कुठं परत येतेस?"

तू वर पाहिलंस. हसलीस. उन्हानं डोळे बारीक झाले होते. तोंड उघडलंस काहीतरी सांगायला, आणि मग एकदम हात वर केलास. "थांब, सापडला."

जाळी, बादली, झाकण, धावपळ. त्यानंतर चहा झाला, सनाचे विषय निघाले, आम्हाला विमान गाठायचं होतं. तुझं उत्तर तसंच राहिलं. आता मी त्या एका हसण्याकडं परत परत जातो. कधी वाटतं तू हरलीस म्हणून हसलीस. कधी वाटतं, माझ्या खुळेपणाला हसलीस. हॉस्पिटलच्या कचेरीत मी 'इथंच' म्हणालो तेव्हा मला ते बीळ आठवत होतं. दफन करून परत आल्यावर मे महिना आठवला.

आज दुपारी टकमक्याला बादलीत घेऊन आम्ही निघालो. शमीमनं बादली मांडीवर धरली होती आणि वाटेत दोनदा झाकण उघडून पाहिलं. किनाऱ्यावर पोचलो आणि मला कळलं की खडक मला आठवत नाही. सगळे सारखेच, मातकट, अणकुचीदार, कडेला शेवाळ. मी त्या दिवशी खडक पाहिलाच नव्हता, तुझ्या पाठीकडं बघून भांडत होतो. शमीम म्हणाली, ती त्या दिवशी गाडीच्या पलीकडं बसली होती, तिला दिसलं नाही. मग मी अंदाजानं एक जागा ठरवली. होकायंत्रभाईंनी ठरवलेली जागा.

बादली कलती केली. तो पाण्यात पडला, तळाशी बसला आणि पांढराफटक झाला. घाबरला की रंग सोडतो, हे तूच सांगितलेलं. मला वाटलं, चुकलं. इथंही चुकलं. मी त्याला परत धरायला वाकलो तेवढ्यात त्यानं उडी मारली. पाण्याबाहेर, सरळ कोरड्या खडकावर. परांवर रेलून क्षणभर थांबला. पहिल्या भोकात डोकं घातलं तर आतल्यानं त्याला चावून बाहेर काढलं. दुसऱ्याचं घर. मी हसलो, आपा. त्या किनाऱ्यावर मी मोठ्यानं हसलो. मग तो उड्या मारत खडकाच्या कडेवरून पलीकडं गेला. मी चप्पल सांभाळत, हातांवर रेलत, साधारण त्याच्यासारखाच पलीकडं गेलो.

पलीकडं खडकाला भोकंच भोकं होती, आणि प्रत्येक भोकातून एक तोंड बाहेर. झुबकेदार भुवया, एक डोळा माझ्यावर, एक भलतीकडं. सगळे सारखे. त्यातला आपला कुठला ते सांगता येत नव्हतं. स्वतःच्या बिळात पोचला, की मिळेल त्या बिळात शिरला, की नुसता पाण्यात गेला. मी एकेकाकडं बघत राहिलो आणि ते सगळे माझ्याकडं. वाटलं, त्यांच्यापैकी कुणीतरी सांगेल. ऊन इतकं होतं की दगड पोळत होते. मला आठवली ती ओळ, ते उंचवटे, ते उशाचे दगड.

आणि मागं तुझा फोन वाजला. शमीमच्या पर्समध्ये होता. टकमक्याचं जेवण. ती तो काढून हातात घेऊन उभी राहिली, पण बंद करेना. वाजू दिला. समुद्राकडं तोंड करून वाजू दिला, आपोआप थांबेपर्यंत. खडकावरचं एकही तोंड आत गेलं नाही.

परत निघालो. रिकामी बादली मागं खडखडत होती. मला राहवलं नाही, मी शमीमला सगळं सांगून टाकलं. चुकीची कबर, सौदी गृहस्थ, तय्यिब, खजूर कुठून आले ते, आणि आत बसून तुला काय विचारलं तेही. गाडी चालवताना सांगितलं, म्हणजे तिच्याकडं बघायला लागू नये.

शमीम म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही त्या कबरीशी बसलात तेव्हाच मला कळलं. आपांना उतरवताना मी काचेतून बघत होते. त्या शेजारच्या कबरीत आहेत, भिंतीच्या बाजूला."

मी म्हणालो, मग हाक का नाही मारलीस? हॉर्न तरी वाजवायचा.

"कबरस्तानात हॉर्न?" ती म्हणाली. "आणि तुम्ही बोलत होतात. आपा गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही बोलत होतात. शेजारीच तर होत्या, ऐकू गेलं असेल त्यांना."

विद्यापीठाचं फाटक आलं. मग बादली खडखडू नये म्हणून मागं हात टाकून तिनं ती धरली आणि म्हणाली, "उद्या रियाधला निघण्याआधी जाऊन या. पण या खेपेला बोलू नका. नुसते उभे राहा. आता बोलायची पाळी आपांची आहे."